लाल घरांवर छुईचा हात

पंच्याहत्तर साल नुकतेच लागले होते. लग्न होऊन मी तुमसरजवळच्या एका राइस मिलच्या वसाहतीत राहायला आले, तेव्हा घराआधी मला भेटला तो वास. उसन्या तांदळासाठी हौदांत धान उकडते, त्याच्या वाफेला किंचित आंबूस, किंचित गोडसर असा एक दरवळ असतो. अंगाला बिलगणारा, आणि दोन दिवसांत आपलासा होऊन नाहीसा वाटणारा. त्या वाफेतून आमची बंडी वळण घेऊन पुढे आली. उजव्या हाताला एक बोडी लागली. कमळाच्या पानांनी अर्धीअधिक झाकलेले ते छोटे तळे संपते तिथे, उंचवट्यावर, सहा लाल घरे उभी होती. त्यांच्या मागे दूर आंबागडची टेकडी निळसर झोपलेली.

"घर जरा वेगळं आहे हं," यजमान म्हणाले. ते मिलमध्ये फोरमन होते आणि वेगळे काही दिसले की आधी माफी मागून ठेवण्याची त्यांना सवय होती. "भिंतींना गिलावा नाही. पण गळत नाही."

नागपुरातल्या एका अरुंद बोळात, भरदुपारी दिवा लावावा लागे अशा भाड्याच्या खोलीत मी वाढले होते. कविता लिहायची ती त्या दिव्याखाली. म्हणून त्या घरात पहिले पाऊल टाकले तेव्हा मला भिंती दिसल्याच नाहीत. दिसला तो नुसता उजेड. पडवीची बाहेरची बाजू म्हणजे विटांची एक उंचच उंच जाळी होती. एक वीट ठेवलेली, एक गाळलेली. जमिनीपासून थेट कवेलूंच्या छपराच्या वळचणीपर्यंत. कलत्या उन्हाने त्या गाळलेल्या विटांच्या जागा शोधून काढल्या होत्या आणि शहाबादी फरशीवर केशरी चौकोनांचा एक पट मांडला होता. मी चपला काढून त्यातल्या एका चौकोनावर पाय ठेवला. तो ऊबदार होता. शेजारचा सावलीचा चौकोन गार. ऊन, सावली, ऊन, सावली अशी मी माझ्या नव्या घरात चालत गेले आणि यजमान दारात ट्रंक धरून, ही कधी थांबते याची वाट पाहत राहिले.

ही घरे कुणी बांधली ते मला हळूहळू कळले. मिलचे थोरले मालक मुंबईला शिकत असताना वसतिगृहात त्यांच्या खोलीत वास्तुशास्त्र शिकणारा एक मुलगा होता. शिक्षण संपले, पण त्याला कुणी काम देईना. मालकांनी त्याला इकडे बोलावून मिलच्या नोकरवर्गासाठी सहा घरे बांधायला सांगितली. त्याच्या हातची ही पहिलीच घरे. पुढे तो मुलगा फार मोठा झाला. त्याने विद्यापीठे बांधली, संग्रहालये बांधली, परदेशांत त्याचे मानसन्मान झाले. आमच्या वसाहतीत मात्र तो शेवटपर्यंत 'नकाशेवाला' होता.

नकाशेवाल्यावर सर्वांत जास्त राग होता तो आमच्या शेजारच्या वहिनींचा. वहिनी साकोलीकडच्या, एकोडीच्या. धानाच्या बांध्यांत, खाचरांत वाढलेल्या, बांधेसूद, मोठ्या आवाजाच्या. त्यांचे यजमान धानाच्या भट्टीवर मिस्त्री होते. मी आल्या आल्या शाळेत शिकवू लागले म्हणून त्या मला 'मास्तरीनबाई' म्हणत.

"मास्तरीनबाई, तुमाले लाज नाही वाटत का जी अशा घरात?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारले.

"का हो वहिनी?"

"अवं, नागडं घर आहे ना बाप्पा! अख्ख्या गावात अशी नागडी भिंत कोनाची नाही. पाहुना आला त मले मान खाली घालावी लागते."

त्यांच्या दृष्टीने भिंत म्हणजे पोतलेली भिंत. टेकडीच्या पायथ्याला छुई मिळते. साबुदाण्याच्या खिरीसारखी मऊ, पांढरी माती. ती रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, चिमूटभर नीळ घालायची आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने भिंतीवर हात फिरवत जायचे. ओली असताना ती करडी दिसते आणि वाळता वाळता, आपण पाहत असतानाच, उजळत जाते. सणाला, बाळंतिणीला, पाहुण्याला, नव्या घरात शिरायच्या आधी, असा छुईचा हात द्यायचाच. वहिनी दर दिवाळीला आतल्या सगळ्या भिंती पोतत, खाली गेरूची पट्टी ओढत, पट्टीवर मोर काढत. आणि मग बोळा हातात घेऊन उंबऱ्यात थबकत. बाहेरच्या विटेला हात लावायचा नाही, अशी थोरल्या मालकांची सक्त ताकीद होती. मित्राच्या पहिल्या कामाची त्यांना भारी माया. वहिनी त्या लाल भिंतीकडे अशा पाहत, जसे न विंचरता शाळेत निघालेल्या पोरीकडे पाहावे.

माझे आणि जाळीचे मात्र जमले. कोणत्या चौकोनातून ऊन आले म्हणजे चहाची वेळ झाली, हे मला घड्याळाविना कळू लागले. गाळलेल्या विटांच्या त्या कोनाड्यांत आमच्या संसाराने घर केले. एकात दंतमंजन, एकात फणी, एकात यजमानांचा अडकित्ता. सर्वांत वरच्या रांगेत चिमण्या. वारा सुटला की प्रत्येक कोनाडा आपापल्या सुरात हलके घुमे. माझ्या वहीतल्या ओळी त्या घुमण्याला लागून येत. त्या घराबाहेर मी कधी चांगली ओळ लिहिली असेन, असे मला वाटत नाही.

काही वर्षांनी थोरले मालक वारले, आणि त्यांच्या मुलाने, धाकट्या मालकांनी, कारभार हाती घेतला. ते वाईट नव्हते. त्यांना गोदाम हवे होते, इतकेच. मिल वाढली होती, धान उघड्यावर पडत होते, आणि मिलला खेटून असलेला उंचवटा सहा घरांनी अडवला होता. पुढचा पावसाळा लागण्याच्या आत घरे पाडायची, भट्टीमागे नवे क्वार्टर बांधून द्यायचे, असे ठरले. वर सिमेंटचे पत्रे, भिंतींना डिस्टेंपर.

"मिलचं घर आहे," यजमान समजुतीने म्हणाले. "आपलं थोडंच आहे?"

फरशीवरचे चौकोन त्या वेळी कोपऱ्यात चढू लागले होते. पत्र्याच्या घरात ऊन कुठून येईल, एवढेच मी मनात शोधत होते.

आणि अशात एके दुपारी मोटारसायकलवरून एक तरुण आला. विस्कटलेले केस, गळ्यात कॅमेरा. आल्या आल्या तो आमच्या अंगणात सपशेल उताणा पडला. जाळीचा फोटो खालून घ्यायचा होता, हे नंतर कळले. वहिनी धावत आल्या.

"काय झालं जी याले? फिट आली का? अवं, कांदा आना कोनी!"

कांदा नाकाशी आल्यावर तो उठून बसला. तो नागपूरला वास्तुशास्त्राचा अध्यापक होता. एका पुस्तकात या घरांचा धूसर फोटो त्याने पाहिला होता आणि गावोगाव विचारत तो इथवर पोचला होता. भिंतीवरून तो हात फिरवत होता, जसा कुणी घोड्याच्या मानेवरून फिरवतो. घरे पाडणार आहेत, असे मी सांगितले. त्याचा चेहरा असा पडला की वहिनींनी पुन्हा कांदा पुढे केला.

तो थेट धाकट्या मालकांकडे गेला. तासाभराने परतला तो एक अट घेऊन. त्या हिवाळ्यात आमचे नकाशेवाले, आता वृद्ध झालेले ते वास्तुशिल्पी, नागपूरला व्याख्यानाला यायचे होते. मालकांचे म्हणणे होते, एवढा मोठा माणूस स्वतः इथे येऊन, घरे पाहून, ठेवा म्हणाला तर ठेवू. वडिलांच्या मित्राचा शब्द मोडणार नाही. नाही तर होळीनंतर काम सुरू.

अध्यापकाने सगळ्या घरांतल्या बायकांना आमच्या अंगणात जमवले. छोटासा सोहळा करायचा, शाळेतल्या मुलींचे लेझीम ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे घरे साजरी दिसायला हवीत.

"जाळीतली बोचकी काढा. दोऱ्या काढा. घरं नवी होती तेव्हा जशी होती, तशी दिसली पाहिजेत."

"नवी होती तशी?" वहिनींनी विचारले.

"अगदी तशी."

"समजलं जी," वहिनी म्हणाल्या.

त्यांना खरोखरच समजले होते. नवे घर कसे दिसते, हे त्या अध्यापकापेक्षा अधिक चांगले जाणत होत्या. पुढे जे घडले, ते त्या समजण्यातूनच.

यजमान आणि मी त्या वास्तुशिल्पी साहेबांना आणायला नागपूरला गेलो. व्याख्यान ऐकले, एक रात्र माहेरी काढली आणि सकाळी अध्यापकाच्या मित्राच्या मोटारीतून सगळे निघालो. साहेब पुढच्या आसनावर होते. कृश देह, खादीचा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट. वाटेत ते फारसे बोलले नाहीत. धानाची कापणी संपली होती. खळ्यांवर धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचून ठेवलेली होती, आणि रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीची हिरवी कोवळीक उतरू लागली होती. वळण आले. बोडी आली. मी पुढे वाकले, साहेबांना माझी लाल घरे दाखवायला.

उंचवट्यावर सहा पांढरीशुभ्र घरे उभी होती.

"ही नव्हेत," अध्यापक म्हणाला. "आपण रस्ता चुकलो."

मोटार वर चढली. सकाळचे ऊन त्या छुईवर असे काही चमकत होते की डोळे बारीक करावे लागले. तळाशी गेरूची रुंद पट्टी, तिच्यावर मोर, मासे, कमळे, दारांवर धानाच्या लोंब्यांची तोरणे. जाळीतली एकेक वीट, तिच्या चारी कडा, बोटाने आत शिरून पोतलेली. आणि समोर वहिनी. कोपरापर्यंत पांढऱ्या, डोळ्यांत जागरण, चेहऱ्यावर असे समाधान की मला त्यांच्याकडे पाहवेना.

"पाहा मास्तरीनबाई," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतक्या वर्सांनी बांधनारा मानूस येऊन राहिला, त्याले का नागडं घर दाखवाचं?"

लेझीम सुरू झाले. धाकट्या मालकांनी हार घातला. मग अध्यापक भाषणाला उभा राहिला. रात्र-रात्र बसून त्याने ते लिहिले होते, आणि त्यातला एक शब्दही बदलण्याचे त्राण आता त्याच्यात उरले नव्हते. "या निर्व्याज, उघड्या विटांकडे पाहा," तो पांढऱ्या भिंतीकडे हात करून म्हणाला. "कोणताही लेप नाही. कोणतेही सोंग नाही. मातीने आपला रंग लपवलेला नाही." लेझीमच्या मुली विटा शोधू लागल्या. एकीने मागे वळून मिलच्या धुराड्याकडे पाहिले आणि त्याच असाव्यात अशा समजुतीने मान डोलावली. मी पदर तोंडाला लावला. हसू येत होते की रडू, ते माझे मलाही सांगता आले नसते.

साहेब भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तळवा टेकला.

"हात नका लावू जी," वहिनी ओरडल्या. "वल्लं आहे अजून!"

त्यांनी हात काढून पाहिला. तळवा पांढरा झाला होता. "काय आहे हे?"

"छुई. नीळ टाकली जराशीक."

अध्यापकाला राहवले नाही. "सर, मी क्षमा मागतो. मिलचा पंप आहे, दोन दिवसांत धुऊन काढतो. आपली विटेमागची भूमिका..."

"भूमिका कसली?" साहेब म्हणाले. "तेव्हा सिमेंट मिळत नव्हतं. परवाना येईना, गिलावा राहून गेला." अध्यापकाचा चेहरा पाहून त्यांनी पुस्ती जोडली. "नंतर मला त्या विटा आवडू लागल्या, हे खरं." मग वहिनींकडे वळून, "पावसात टिकते का ही?"

"आखाडातले दोन-चार पानी झेलते. मंग जाते धुऊन."

"मग पाऊसच धुईल. पंप कशाला?"

इथवर सारे निभावले होते. पण वहिनींनी आता पाहुण्याला नीट न्याहाळले.

"तुमीच काय जी हे घर बांधलं?"

"हो. तेव्हा केस काळे होते."

"मंग बरं झालं आले तुमी. मले इचाराचंच होतं. सैपाकखोलीतला धूर जाईन कुठून, याचा इचार केलता का नाही?"

मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि जगात नाव असलेल्या त्या माणसाला हाताने खूण करत आपल्या स्वयंपाकघरात नेले. मागोमाग आम्ही सगळे. छत काजळलेले, भुशाच्या शेगडीचा जुना उग्र वास भिंतीत मुरलेला.

"खिडकी ठेवली होती ना मी," साहेब म्हणाले.

"ठेवली. पन वाऱ्याच्या तोंडावर ठेवली. धूर बाहेर निंगते अन वाऱ्यासंगं घरात वापस येते. डोळे फुटाची पाळी आली माह्यी."

"मला सांगितलं होतं, इथे स्टोव्ह वापरतील."

"स्टोव्ह! घासलेट कोन देते जी? मिलचा भुसा दाराशी पडून आहे, त मानूस भुसाच जाळन ना!"

धाकटे मालक हीच वेळ साधून पुढे आले. "पाहा साहेब, राहणाऱ्यांचीच तक्रार आहे. म्हणून म्हणतो, ही घरं काढून टाकू आणि यांना नवे क्वार्टर बांधून देऊ."

वहिनी गर्रकन वळल्या.

"कोनाचं घर काढता जी? मी धुराचं बोलून राहिली, घराचं नाही."

"अहो वहिनी, आत्ताच तर तुम्ही..."

"माह्या नवऱ्यालेबी मी रोजच बोलतो. मंग त्यालेबी काढून टाकता का?"

दारात उभे असलेले त्यांचे मिस्त्री खाली पाहून मिशीत हसले. साहेब मात्र हसत नव्हते. ते शेगडीसमोर उकिडवे बसले होते, मान वर करून छताकडे पाहत. पट्टी ओढून उरलेला गेरू कोपऱ्यात एका वाटीत होता. त्यांनी त्यात बोट बुडवले आणि ओल्या भिंतीवर, वहिनींच्या दोन मोरांच्या मधोमध, रेघ ओढली. मग दुसरी. शेगडी आली, तिच्यावर तिरकी निमुळती नळी आली, कवेलूंतून वर निघणारे धुराडे आले. ओली छुई गेरू पिऊन घेत होती आणि रेघा जागच्या जागी रुतत होत्या. "याचं तोंड वाऱ्याकडे नको. असं ठेवा," म्हणून त्यांनी एका बाजूला बोट केले. ते बोट आमच्या घराकडे होते. हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आले नाही.

"मग साहेब," धाकट्या मालकांनी अखेर विचारले, "आपला शब्द काय? ठेवायची की पाडायची?"

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. "माझं काम पुरं झालेलं नाही अजून. ते पुरं होईपर्यंत तरी पाडू नका."

"ते कधी पुरं होईल?"

"यांना विचारा."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी भिंतीवरच्या धुराड्याचा, मग छताचा, मग मालकांचा नीट अंदाज घेतला.

"सध्या त नाही होत जी," त्या म्हणाल्या.

धाकटे मालक हसले. अख्ख्या वसाहतीसमोर, पाहुण्यासमोर हसल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही. गोदाम पुढे रस्त्याच्या पलीकडे झाले.

त्या आषाढात पावसाने छुई धुऊन नेली आणि विटा पुन्हा उघड्या पडल्या. सांध्यांत मात्र पांढरेपणा राहून गेला, हसताना दातांत राहून जाणाऱ्या ओल्या खोबऱ्यासारखा. दिवाळीला वहिनींनी कुणालाही न विचारता पुन्हा बोळा हाती घेतला. तेव्हापासून आमची घरे हिवाळ्या-उन्हाळ्यात पांढरी आणि पावसाळ्यात लाल असू लागली. नागपूरहून, मुंबईहून विद्यार्थी येत. उघड्या विटांची कीर्ती ऐकून डिसेंबरात आलेल्यांचा फार विरस होई. अध्यापकाने त्यांच्यासाठी पुढे नियमच केला, की सहल श्रावणातच काढायची.

पावसाळा असो की हिवाळा, वहिनी त्यांना आधी जाळी दाखवतच नसत. थेट स्वयंपाकघरात नेत. "हे पाहा, साहेबानं माह्या घरी सोताच्या बोटानं काढलं." दर दिवाळीला त्या चित्राभोवती बोटभर जागा राखून त्या पोतत. एकावर एक थर चढत गेले, भिंत जाड होत गेली आणि गेरूचे ते धुराडे दरवर्षी थोडेथोडे आत जात एका उथळ कोनाड्यात बसले, देवघरातल्या मूर्तीसारखे. मोर मात्र दरवर्षी नवे असत.

खरे धुराडेही बांधून झाले, अगदी रेघेबरहुकूम. वहिनींच्या घरातला धूर उत्तम निघू लागला. तो निघे आणि माझ्या पडवीत शिरे.

"वहिनी, तुमचा सगळा धूर माझ्याकडे येतो हो!"

"मले काय सांगता, मास्तरीनबाई? साहेब पुन्हा आले का त्याहीले सांगजा!"

शेवटी यजमानांनीच मिलमधल्या गवंड्याला धुराड्याचे तोंड फिरवायला बोलावले. तो शिडी घेऊन आला, ती दिवेलागणीच्या जराशी आधीची वेळ होती. वहिनींची शेगडी पेटलेली. कलते ऊन जाळीतून येत होते, आणि त्या दिवशी ते फरशीवर पोचायच्या आधीच मला दिसले. गाळलेल्या प्रत्येक विटेतून एकेक तिरका, केशरी, सावकाश वळणारा कवडसा पडवीभर ताणलेला. इतकी वर्षे मी जमिनीवरचे चौकोनच मोजत आले होते. हवेतून येणारी त्यांची वाट धुराने आज प्रथमच उजळून दाखवली होती. डोळे चुरचुरत होते. मी त्या कवडशांत हात घातला.

"बाई, तोंड कोनीकडं फिरवू?" गवंड्याने वरून विचारले.

"राहू द्या," मी म्हटले.